विळी घरात हवी, पण आडवी ठेवलेली

पेनड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क लावली आणि विंडोजला ती वाचता आली नाही, की पडद्यावर एक चौकट येते. ‘ही डिस्क वापरायची तर आधी ती फॉरमॅट करावी लागेल. करायची का?’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य, आणि खाली दोन बटणं. एक फॉरमॅटचं, म्हणजे आतलं सगळं पुसून डिस्क नव्यानं मांडायचं, आणि एक रद्द करायचं. तालुक्याच्या गावी माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. अठरा वर्षांत व्हायरसनं, विजेच्या झटक्यानं, पुराच्या पाण्यानं गेलेला डेटा मी पुष्कळ पाहिला. पण या एका चौकटीला ‘हो’ म्हटल्यामुळे गेलेला डेटा समोर आला की अजूनही जीव हळहळतो, कारण तो जायचं काही कारणच नव्हतं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक डिस्कांच्या बाबतीत चौकटीतलं ते वाक्य खरं नसतंच.

डिस्क वाचता न येण्याची कारणं किती साधी असतात ते बघा. मॅकवर काम करणाऱ्या डिझायनरची हार्ड डिस्क छापखान्यातल्या विंडोजला लावली की ही चौकट येऊ शकते. डिस्क ठणठणीत असते, फक्त तिची मांडणी, म्हणजे फायली लिहून ठेवायची पद्धत, ॲपलची असते. लिनक्सवर ईएक्सटी४ या मांडणीत तयार केलेल्या डिस्कचं तेच. एक्सफॅट ही मांडणी २००६ साली आली आणि पुढे कॅमेऱ्यांतल्या मोठ्या, एसडीएक्ससी प्रकारच्या कार्डांसाठी तीच ठरली. पण विंडोज एक्सपीला वेगळं अपडेट टाकल्याशिवाय ती कळत नसे. त्यामुळे कॅमेऱ्यातून नुकतंच काढलेलं, फोटोंनी भरलेलं कार्ड एक्सपीला लावलं की ते कोरं समजलं जाई. कधी कार्ड रीडरची पिन वाकलेली असते, कधी केबल सैल, कधी डिस्क घाईत उपटल्यामुळे फायलींच्या नोंदवहीतलं एखादं पान बिघडलेलं असतं. या सगळ्यांत माणसाचं जे काही त्या डिस्कवर आहे ते जागच्या जागी असतं. यंत्राला ते वाचता येत नाही, एवढंच. पुण्यात पेशवे दप्तरातले मोडी कागद आपल्याला वाचता येत नाहीत म्हणून आपण ते रद्दीत घालत नाही, मोडी वाचणाऱ्याला बोलावतो. संगणक मात्र, मला वाचता येत नाही, तेव्हा पुसून टाकू या, असं म्हणतो. तेही माणूस सगळ्यात घाबरलेला असतो त्या क्षणी.

मागच्या लग्नसराईतली गोष्ट सांगतो. शेजारच्या गावातला एक तरुण फोटोग्राफर. लग्न लागलं होतं, पंगती बसल्या होत्या. त्यानं ६४ जीबीचं कार्ड कॅमेऱ्यातून काढून लॅपटॉपला लावलं. कॅमेऱ्याचा लाल दिवा अजून लुकलुकत होता, म्हणजे कार्डावर लिहिणं संपलेलं नव्हतं, हे त्याच्या लक्षात आलं नाही. चौकट आली. मंडपात बँडचा आवाज, आणि नवरीचा मामा ‘चार फोटो लगेच व्हॉट्सॲपवर टाक’ म्हणून पाठीशी उभा. त्यानं फॉरमॅट दाबलं. सगळा डेटा पुसला जाईल अशी दुसरी सूचना आली, तिला ओके म्हटलं. पाच सेकंदांत काम झालं. कार्ड रिकामं दिसलं तेव्हा त्याला वाटलं, फोटो कॅमेऱ्यातल्या दुसऱ्या कार्डावर असतील, नंतर बघू. आणि त्याच कार्डावर त्यानं नवरीची पाठवणी आणि गृहप्रवेश टिपला.

रात्री नऊला तो माझ्याकडे आला. मी फोटोरेक लावलं. ख्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेलं हे फुकट सॉफ्टवेअर फायलींची नावं, फोल्डर, तारखा यांच्या भानगडीत पडत नाही. कार्डावरचा कच्चा मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळतं आणि जिथे फोटोची सुरुवात सापडेल तिथून फोटो उचलतं. दीड वाजेपर्यंत आम्ही दोघं बसून होतो. पुष्कळ फोटो निघाले, ‘एफ’ अक्षर आणि पुढे आकडे अशा नावांचे. पण फॉरमॅटनंतर कॅमेरा कार्डाच्या सुरुवातीपासून लिहायला लागतो, त्यामुळे सकाळची हळद आणि मंगलाष्टका जिथे होत्या तिथे आता गृहप्रवेश बसला होता. अक्षता पडतानाचा एक फोटो अर्धा निघाला. वर मुंडावळ्या बांधलेलं नवरीचं कपाळ, आणि भुवयांच्या खालपासून फोटोच्या तळापर्यंत नुसता करडा पट्टा. तो मुलगा त्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिला. काही बोलला नाही.

‘वाचून दाबायला नको का?’ असं यावर लगेच म्हटलं जातं. मला हे म्हणणं पटत नाही. तो मुलगा शिकलेला आहे, एमएस-सीआयटी केलेला आहे, फोटोशॉपमध्ये माझ्यापेक्षा तरबेज आहे. त्याला यंत्रानं सल्ला दिला, त्यानं तो ऐकला. चूक सल्ल्याची होती.

मग प्रश्न येतो तो असा: डिस्क फॉरमॅट करणारी, पार्टिशन म्हणजे डिस्कचे भाग पाडणारी आणि पुसणारी साधनं मुळात घरगुती संगणकावर आयती असावीत का? विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट विंडोज २००० पासून आहे. आज स्टार्टवर उजवी क्लिक केली की यादीतच दिसतं. उबुंटू आणि फेडोरात ‘डिस्क्स’ नावाचं साधन आयतं येतं. मॅकवर डिस्क युटिलिटी असतेच. दहातल्या नऊ जणांना वर्षभरात त्यांची गरज पडत नाही. तेव्हा ती काढून टाका, ज्याला हवीत तो शोधून टाकून घेईल, असं मत मांडणारे लोक आहेत आणि त्यांची कळकळ खरी आहे. एके काळी माझंही मत तेच होतं.

ते बदललं ते दुकानात बसूनच. जिथे साधन नसतं तिथे माणूस काय करतो? गूगलवर ‘पेनड्राइव्ह दिसत नाही’ असं टाकतो, आणि पहिलं दिसेल ते ‘फ्री पार्टिशन मॅनेजर’ उतरवून घेतो. त्याच्याबरोबर आणखी दोन नको असलेली सॉफ्टवेअरं येतात. ‘रिकव्हर’ दाबलं की पैसे मागणारी खिडकी उघडते. मग कुणीतरी त्याची चोरीची आवृत्ती देतं आणि तिच्यातून रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, येतं. यातली प्रत्येक पायरी मी गिऱ्हाइकांच्या संगणकांवर पाहिली आहे. दुसरा रस्ता युट्यूबचा. तिथला माणूस काळी खिडकी उघडून चार ओळी टाईप करायला सांगतो: डिस्कपार्ट, लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क १, क्लीन. यातला ‘क्लीन’ हा हुकूम एकदाही ‘नक्की का?’ विचारत नाही. व्हिडिओवाल्याच्या संगणकात डिस्क १ म्हणजे पेनड्राइव्ह होता. बघणाऱ्याच्या संगणकात डिस्क १ म्हणजे घरच्या पंधरा वर्षांच्या फोटोंची हार्ड डिस्क असू शकते.

आयपॅडचं उदाहरण बोलकं आहे. २०१९ साली आयपॅडओएस १३ आल्यावर आयपॅडला बाहेरची डिस्क लावता येऊ लागली, पण ती तिथल्या तिथे पुसायची सोय फाइल्स ॲपमध्ये आली ती २०२४ च्या आयपॅडओएस १८ मध्ये. मधली पाच वर्षं लोकांना एवढ्यासाठी दुसरा संगणक शोधावा लागला. ज्याच्याकडे दुसरा संगणक नाही तो दुकानात आला. माझ्या गल्ल्यात त्यानं भर पडली असेल, पण स्वतःच्या पैशानं घेतलेली डिस्क पुसायला माणसाला दुसऱ्याच्या दारात जावं लागावं, हे मला बरं वाटत नाही.

आणि पुसता येणं हा माणसाचा हक्क आहे, हेही विसरून चालणार नाही. जुना लॅपटॉप विकताना, मुंबईत लॅमिंग्टन रोडला नेऊन देताना किंवा ओएलएक्सवर टाकताना त्यातले घरच्या बायकामुलांचे फोटो, आधारची झेरॉक्स, बँकेची स्टेटमेंटं पुसूनच दिली पाहिजेत. माझ्याकडे सेकंडहँड आलेल्या हार्ड डिस्कांवर कितीतरी वेळा मूळ मालकाचं सगळं आयुष्य तसंच्या तसं असतं. त्या माणसाला पुसायचं साधन हाताशी आणि स्पष्ट नावानं मिळालं असतं तर ते माझ्या डोळ्यांपुढे आलं नसतं.

शिवाय ही साधनं नुसती पुसायची नाहीत. उबुंटूतल्या ‘डिस्क्स’मध्ये हार्ड डिस्कची ‘स्मार्ट’ माहिती, म्हणजे तिनं स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, दिसते: किती तास चालली, किती सेक्टर खराब झाले, तापमान किती. महिन्यातून एकदा तिकडे नजर टाकली तर डिस्क मरायच्या आधी कळू शकतं. डॉक्टरचा थर्मामीटर आणि सर्जनची सुरी एकाच पेटीत ठेवल्यासारखं हे झालं आहे, आणि सुरीच्या भीतीनं थर्मामीटरही काढून घ्या असं म्हणणं बरोबर होणार नाही.

आपल्याकडे प्रत्येक स्वयंपाकघरात विळी असायची, अजूनही पुष्कळ घरांत असते. रांगतं पोर घरात आहे म्हणून कुणी विळी विहिरीत टाकत नाही. पण चिरून झालं की ती आडवी करून, पातं भिंतीकडे करून ठेवायची, हे आजीनं आईला आणि आईनं मुलीला शिकवलेलं असतं. उभी विळी दिसली की घरातलं कुणीही ओरडतं. संगणकातली ही साधनं आज उभ्या विळीसारखी, येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवलेली आहेत, ही माझी तक्रार आहे.

वाटेवर म्हणजे किती वाटेवर, ते सांगतो. विंडोज १० मध्ये पेनड्राइव्हवर उजवी क्लिक केली की ‘फॉरमॅट’ आणि ‘इजेक्ट’ एकमेकांना चिकटून येतात. इजेक्ट रोज लागतं, फॉरमॅट वर्षातून एकदा. आणि हा विषय कळीचा आहे म्हणून डीव्हीआरचं, म्हणजे सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं, उदाहरण जरा सविस्तर देतो. सोसायटीत चोरी होते. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरवर फुटेज नीट दिसत नाही म्हणून सेक्रेटरी त्यातली हार्ड डिस्क काढून ऑफिसच्या संगणकाला लावतात. बऱ्याच डीव्हीआरची मांडणी कंपनीची स्वतःची असते, विंडोजला ती कळत नाही. माय कॉम्प्युटरमध्ये काहीच दिसत नाही म्हणून ते डिस्क मॅनेजमेंट उघडतात, नुसतं बघायला. उघडताक्षणी समोर चौकट: ‘डिस्क इनिशियलाइझ केल्याशिवाय वापरता येणार नाही’, आणि ओके. ओके दाबलं की विंडोज त्या डिस्कच्या सुरुवातीला, आणि जीपीटी ही नोंदीची पद्धत निवडली असेल तर शेवटालाही, आपली नोंद लिहून मोकळं होतं. नेमकं तिथेच डीव्हीआरनं आपली खातेवही ठेवलेली असू शकते. पोलिसांना पुरावा म्हणून द्यायची डिस्क, आणि तिच्यावर आपण लिहून बसलो. बघायला गेलेल्या माणसाच्या हातात साधनानं आपण होऊन पेन दिलं. बघणं आणि बदलणं यांची दारं वेगळी असती तर हे झालं नसतं.

मॅकवर अशी डिस्क लावली तर तीन पर्याय येतात: दुर्लक्ष करा, काढून घ्या, किंवा इनिशियलाइझ. तिसरा पर्याय निवडला तरी लगेच काही पुसलं जात नाही, डिस्क युटिलिटी उघडते आणि पुढचं माणसानं करायचं असतं. शिवाय तिथल्या बटणावर ‘इरेझ’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे पुसा. विंडोज आणि लिनक्समध्ये शब्द आहे ‘फॉरमॅट’, म्हणजे आकार देणं, मांडणी करणं. त्या शब्दात नाशाचा वासही नाही. वर्डमध्ये अक्षर ठळक करणं म्हणजेही फॉरमॅटिंग, आणि लग्नाचे सगळे फोटो घालवणं म्हणजेही फॉरमॅटिंग. मराठी भाषांतरांत कधी ‘फॉरमॅट करा’ असतं, कधी ‘स्वरूपित करा’. मला सांगा, ‘स्वरूपित करा’ वाचून कुणाच्या मनात धोक्याची घंटा वाजेल? ‘यातलं सगळं पुसा’ असं लिहायला मराठीला काय अडचण आहे? अँड्रॉइड फोनांवर तर ‘कार्ड खराब आहे, दुरुस्त करायला टॅप करा’ अशा अर्थाची सूचना येत असे, आणि ती वाट शेवटी फॉरमॅटपाशी जाई. पुसण्याला दुरुस्ती म्हणणं ही लोकांची फसवणूक आहे. हे मी शब्द तोलून लिहितोय.

सूचना आणखी मोठ्या अक्षरांत द्या, लाल रंगात द्या, यानं फारसं साधत नाही. २०२१ साली लायनस सेबॅस्टियन या प्रसिद्ध युट्यूबरनं पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम हे गेम खेळायचं सॉफ्टवेअर टाकायचा प्रयत्न केला. त्याच्या पॅकेजात दोष होता. सॉफ्टवेअर टाकणाऱ्या-काढणाऱ्या एपीटी या साधनानं बजावलं की हे धोकादायक आहे, पुढे जायचं तर ‘होय, मी सांगतो तसं कर’ असं इंग्रजी वाक्य टाईप करा. त्यानं ते अक्षरन् अक्षर टाईप केलं आणि अख्खं डेस्कटॉप उडालं. यात सूचना नव्हती असं नाही. मोठी होती, आणि माणूसही संगणकातलाच होता. पण आपल्याला हवं ते काम अडलेलं असलं की माणूस अडथळा पार करायचं बघतो, वाचत नाही. पुढे एपीटीच्या विकासकांनी असं टाईप करून पुढे जाण्याची सोयच काढून टाकली. तो निर्णय मला शहाणपणाचा वाटतो.

आता मला सगळ्यात जास्त खुपणाऱ्या गोष्टीकडे येतो. चालू विंडोजमधून तुम्ही सी ड्राइव्ह फॉरमॅट करायला गेलात तर ते करू देत नाही. डिस्क मॅनेजमेंट तिथला पर्यायच बंद ठेवतं. लिनक्समध्ये संगणकाच्या आतली डिस्क बदलायची तर प्रशासकाचा पासवर्ड मागितला जातो. तिथे डिस्का सांभाळणाऱ्या युडिस्क्स या सेवेचा नियमच तसा आहे. पण पेनड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, कॅमेऱ्याचं कार्ड यांना बहुतेक ठिकाणी पासवर्ड लागत नाही. म्हणजे पहारा कुणावर, तर ज्यावर विंडोज किंवा लिनक्स स्वतः बसलं आहे त्यावर. विंडोज उडालं तर मी तासाभरात दुसरं टाकून देतो. त्याची प्रत जगात कोट्यवधी ठिकाणी आहे. गेलेल्या आजोबांचा आवाज असलेली, शेताच्या वाटणीच्या वेळची रेकॉर्डिंग जगात एकाच ठिकाणी असते, आणि नेमकी ती जागा उघडी. सिस्टीम स्वतःला जपते, माणसाचं जे आहे ते जपत नाही. हा क्रम कुणी जाणूनबुजून वाईट हेतूनं लावला असं मी म्हणत नाही. सिस्टीम बनवणाऱ्यांना सिस्टीमच आधी दिसणार, हे समजू शकतं. पण तो उलटा आहे आणि तो बदलायला हवा.

कसा बदलायचा, हे सांगण्याइतकं काम मी या डिस्कांवर केलं आहे. वाचता न येणाऱ्या डिस्कपुढे फॉरमॅटचं बटण आणूच नका. ‘मला ही डिस्क वाचता येत नाही, बहुधा दुसऱ्या प्रकारच्या मशीनवर बनवलेली आहे किंवा नीट बसलेली नाही. यावर मी अजून काहीही लिहिलेलं किंवा पुसलेलं नाही. काढून घ्या’ एवढं लिहा. ज्याला खरोखर पुसायचं आहे तो साधन उघडून पुसेल. आणि वाचता येणारी डिस्क पुसायच्या आधी तिच्यात काय आहे ते दाखवा: एवढे फोटो, एवढे व्हिडिओ, शेवटची फाईल काल संध्याकाळची, आणि चार फोटो छोटे करून समोर ठेवा. आज ‘ई ड्राइव्ह, ९३१ जीबी’ एवढंच दिसतं. कुणालाही स्वतःचा जन्म ‘९३१ जीबी’ म्हणून ओळखता येत नाही. मुलीच्या बारशाचा फोटो दिसला तर हात थांबेल.

आहे त्या साधनांतही चांगले नमुने आहेत. लिनक्सवरच्या जीपार्टेड या पार्टिशन पाडायच्या साधनात तुम्ही पार्टिशन उडवलं तरी लगेच काही होत नाही. खाली यादीत ते काम नोंदवलं जातं, आणखी कामं जोडता येतात, मागे घेता येतात, आणि शेवटी ‘लागू करा’ म्हटल्यावरच डिस्कला हात लागतो. चहा पिऊन येऊन पुन्हा यादी वाचता येते, आणि मी तसं करतोही. पेनड्राइव्हवरून विंडोज टाकायला आम्ही जे रुफस वापरतो, ते यादीत यूएसबी हार्ड डिस्का मुळात दाखवत नाही. हव्या असतील तर वेगळी खूण करावी लागते. बनवणाऱ्यानं विचार केला आहे की हार्ड डिस्कवर माणसाचं काहीतरी असतं, पेनड्राइव्ह बहुधा रिकामा करायलाच आणलेला असतो. साधन तेवढंच समर्थ राहिलं, विळी फक्त आडवी झाली.

पूर्वी ही आडवी करायची सोय खुद्द वस्तूतच होती. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यात एक सरकती खिडकी असे. ती उघडली की लिहिणं बंद. एसडी कार्डाच्या कडेला अजून ती इवलीशी ‘लॉक’ची पट्टी असते. बहुतेक पेनड्राइव्हवर मात्र ती नसतेच. हातानं करायची ती गोष्ट गेली, तर सॉफ्टवेअरनं तिची जागा घ्यायला हवी होती, ती कुणी घेतली नाही.

आणि परत फिरण्याची वाट. संगणकातली एक फाईल पुसली तर ती रिसायकल बिनमध्ये जाते, १९९५ पासून. लाखभर फायलींची डिस्क पुसली तर काही नाही. हे मला कधीच पटलेलं नाही, कारण हे होऊ शकतं हे मी स्वतः पाहिलेलं आहे. १९९१ साली आलेल्या एमएस-डॉस ५ मध्ये साधा फॉरमॅट मारला तर जुन्या फायलींची नोंद बाजूला जपून ठेवली जाई, आणि ‘अनफॉरमॅट’ असा हुकूम होता. सगळं खरंच घालवायचं असेल तर हुकुमापुढे वेगळी खूण जोडावी लागे. मी शिकायला लागलो तेव्हा आमच्या क्लासमध्ये जुन्या डॉसचं एक मशीन होतं, आणि सरांनी एक फ्लॉपी फॉरमॅट करून, मग ‘अनफॉरमॅट’नं परत आणून दाखवली होती. पुढे विंडोज आलं आणि ती सोय मागे पडली. एनटीएफएस या विंडोजच्या मांडणीत एका फाईलची नोंद साधारण १ केबीची. लाख फायलींची नोंदवही १०० एमबीच्या आसपास मावते. आजच्या १ टीबीच्या डिस्कवर एवढी जागा आठवडाभर राखून ठेवणं काहीच नाही.

यावर जाणकार आक्षेप घेतील तो रास्त आहे. एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क, असेल तर फॉरमॅट केल्याबरोबर विंडोज ७ पासून ट्रिमचा हुकूम जातो, आणि एसएसडी ती जागा मोकळी समजून आतून साफ करून टाकते. क्विक फॉरमॅट, म्हणजे नुसती नोंदवही नवी करणारा फॉरमॅट, असला तरी काही सेकंदांत सगळं गेलेलं असतं, फोटोरेकलाही हाती काही लागत नाही. फिरत्या हार्ड डिस्कच्या काळात आम्ही ‘क्विक मारला असेल तर काळजी नको’ म्हणायचो, ते दिवस संपले. पण हा आक्षेप माझ्याच बाजूचा आहे. ट्रिम आठवडाभर थांबवता येतो. ज्याला मशीन विकायचं आहे त्याच्यासाठी ‘कायमचं पुसा’ हा वेगळा, स्पष्ट हुकूम ठेवा, आणि तो लगेच अमलात आणा. एकाच ‘फॉरमॅट’ शब्दात दोन वेगळ्या गरजा कोंबल्या आहेत: एकाला डिस्क वापरायला मोकळी हवी, दुसऱ्याला जुनं कुणाला दिसायला नको. त्या वेगळ्या केल्या की दोघांचंही भागतं.

टर्मिनल, म्हणजे ती काळी खिडकी, उघडून काम करणाऱ्यांना यातल्या कशाचाही अडथळा व्हायला नको. त्यांचा ‘डीडी’, त्यांचा ‘एफडिस्क’ हे डिस्कवर थेट चालणारे हुकूम त्यांच्यापाशी राहू दे. तरी तज्ज्ञाचा हात चुकत नाही असं मात्र कुणी समजू नये. ३१ जानेवारी २०१७ ला सॉफ्टवेअरचा कोड साठवायची सेवा देणाऱ्या गिटलॅब कंपनीच्या एका अभियंत्यानं रात्री उशिरा भलत्याच सर्व्हरवर पुसायचा हुकूम दिला. दुसऱ्याच सेकंदाला चूक कळून त्यानं थांबवलं तोवर सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते, आणि ठेवलेल्या बॅकअपांपैकी एकही वेळेला नीट कामाला आला नाही. कंपनीनं सगळं उघडपणे सांगितलं, कुणा एकाच्या डोक्यावर खापर फोडलं नाही. तो अभियंता होता म्हणून आपण त्याला समजून घेतो. मांडवातला फोटोग्राफर त्याच न्यायाला पात्र आहे.

दुकानात काउंटरच्या काचेखाली मी एक कागद ठेवलाय, मराठीत, मोठ्या अक्षरांत: ‘फॉरमॅट करायचा का असं विचारलं तर काहीही दाबू नका. डिस्क काढा, कार्ड असेल तर कडेची पट्टी लॉककडे सरकवा, आणि जशीच्या तशी घेऊन या.’ बरेच जण मोबाईलवर त्याचा फोटो काढून नेतात. गेल्या आठवड्यात एक शाळेतले सर आले. गॅदरिंगचं कार्ड पाकिटात घालून, वरून चिकटपट्टी लावून आणलं होतं. पट्टी लॉकवर. मी माझ्या रीडरला लावलं, सगळं दिसलं. त्यांच्या रीडरची एक पिन वाकलेली होती.